पाहुण्याला दाखवायचं शेत

माझी सून नेमकं काय काम करते, हे लोकांना सांगताना माझी फार दिवस तारांबळ उडायची. "शेतीचंच काहीतरी आहे, कॉम्प्युटरवर," असं मी म्हणायचे. मग आमच्या आळीतली एखादी विचारायची, "मंग खुरपायला येती का?" येत नाही म्हटलं की ती मान हलवून पुढे जायची. मी अंगणवाडीत आयुष्य काढलेली बाई, पोरांना हत्ती नि मुंगीतला फरक समजावण्यात माझा हातखंडा, पण सुनेचं काम काही मला समजावता येत नव्हतं. आता येतं. ती भाताच्या खाचरांवरून ड्रोन उडवते, त्यातल्या कॅमेऱ्याने पानांचे फोटो काढते, आणि कापणीच्या आधीच सांगते की यंदा भात किती होणार. एवढंच आहे ते. पण हे "एवढंच" मी डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून मला तिचं कौतुक आवरत नाही. ज्यांना सुनेचं कौतुक सासूच्या तोंडी सोसत नाही, त्यांनी इथेच थांबावं.

आमचं गाव बेडशाच्या लेण्यांच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारे मराठे. सून बौद्ध घरातली, लोणावळ्यात वाढलेली. तिचे वडील रेल्वेत होते. माझ्या मुलाने आणि तिने कॉलेजात असतानाच ठरवलं होतं, आम्हाला नंतर कळवलं. आमच्या ह्यांनी तेव्हा आवाज चढवला नाही. लग्नाला गेले, नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले, व्याह्यांना हात जोडले. लोक म्हणाले, आबा मोठ्या मनाचे. मी त्यांच्याबरोबर जन्म काढलेला, मला माहीत होतं की हा माणूस रागावला की ओरडत नाही, आदराने वागतो. दोघं नोकरीपायी शहरात राहायची. सून घरी आली की हे स्वतः खुर्ची पुढे करायचे. तिच्यासाठी कपाटातले पाहुण्यांचे कप निघायचे. गाव तिला मॅडम म्हणतं म्हणून हेही मॅडम म्हणायचे, "तुमी बसा, तुमी जेवून घ्या" असं चालायचं. भांडण असतं तर मी मध्ये पडले असते. एवढ्या आदराशी कसं भांडायचं? तीही हसून घ्यायची, पण कप धुवायला उठली की हे म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या," आणि ती पुन्हा बसायची. ते बघून माझा जीव कसनुसा व्हायचा.

आमच्या गावातल्या शेतकऱ्यांचा एक गट आहे आणि हे त्याचे अध्यक्ष. आमचा इंद्रायणी तांदूळ, आमच्याच खाचरातला, दुसरा दाणा न मिसळलेला, खंडाळ्या-लोणावळ्याच्या हॉटेलांत जातो. दिवाळीनंतर नवा तांदूळ किती देणार, हा शब्द गटाला कापणीच्या आधीच द्यावा लागतो, कारण हॉटेलवाले त्यावर त्यांची सोय लावतात. शब्द जास्तीचा गेला आणि भात कमी पडलं, तर कामशेतच्या बाजारातून पोती आणून भरती करायची वेळ येते. मग ते आमचं भात राहत नाही, आणि गटाचं नावही राहत नाही. आजवर हा अंदाज आमचे हे बांधावर उभे राहून डोळ्यांनीच करायचे आणि हात राखून सांगायचे. यंदा गटातल्या तरण्या मंडळींनी धरलं की अंदाज मॅडमना करू द्या, घरातच एवढी शिकलेली बाई आहे. हे "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ मला एकटीला कळला.

भादव्यात आमच्याकडे आभाळ उघडतं ते एखाद्या सकाळपुरतं. उपग्रहाचे फोटो ढगांपायी कामाला येत नाहीत, म्हणून ती ड्रोन घेऊन आली आणि ढग हटायची वाट बघत ओट्यावर बसून राहिली. ऊन पडलं की गमबूट घालून पळायची. बांधावर एक पांढरी पाटी अंथरायची, तिचा फोटो आधी काढायची, म्हणजे त्या दिवसाचा उजेड किती आहे ते यंत्राला कळतं. मग ते चार पंखांचं पाखरू उठायचं आणि खाचरांवरून नांगराच्या तासांसारखं एका ओळीत जायचं, वळायचं, पुन्हा यायचं. पोरंटोरं जमायची. म्हातारे म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाकायच्या तशातली गत हाय ही." तिला ऐकू जायचं, पण तिची नजर हातातल्या पडद्यावरून हलायची नाही.

एकदा दुपारी तिने मला पडद्यावर आमचं शिवार दाखवलं. मी म्हटलं, हे लाल-पिवळं-हिरवं काय? ती माझ्याजवळ सरकून बसली आणि समजावू लागली. आपल्या डोळ्यांना दिसत नाही असा एक उजेड असतो. निरोगी पान तो उजेड मोठ्या प्रमाणात परत फेकतं, आणि तांबडा उजेड मात्र खाऊन टाकतं, अन्न करायला. पान आजारी पडलं, उपाशी राहिलं की हे बिघडतं, आणि ते बिघडलेलं आपल्या डोळ्यांना दिसायच्या आधी कॅमेऱ्याला दिसतं. जमिनीवर पानांचा पसारा किती थरांचा आहे, तेही त्यावरून काढता येतं. चार-पाच तारखांचे फोटो एकापुढे एक ठेवले की भात कसं वाढलं ते कळतं, आणि त्यावरून किती पिकेल ते. मी विचारलं, "पण पानांवरून दाण्याचं वजन यंत्राला कसं कळणार?" ती म्हणाली, "ते आपण शिकवायचं, आई. थोड्या जागी भात कापून, मोजून, वजन करून त्याला सांगायचं की असं हिरवं दिसतं तिथे एवढं पिकतं. मग बाकीच्या शेताचं ते सांगतं." अंगणवाडीत मी हेच करत आले होते, चार वस्तू दाखवायच्या आणि पाचवी पोराने ओळखायची. मला इतका आनंद झाला की मी तिला परत एकदा चहा केला.

हे शिकवण्यासाठी तिच्याकडे लोखंडी चौकटी होत्या, हातभर लांबीरुंदीच्या. चौकट खाचरात टाकायची, आत येईल तेवढे फुटवे आणि लोंब्या मोजायच्या, कापून पिशवीत भरायच्या. चौकटी कुठे टाकायच्या त्या जागा तिने नकाशावर ठरवून आणल्या होत्या. पण त्या दिवसांत पाऊस डोक्यावर बसलेला, ड्रोन उडवायला मिळे तो वेळ जेमतेम. ती आकाशाकडे बघत यंत्र चालवायची आणि ज्याचं त्याचं खाचर तोच शेतकरी चौकट हातात घेऊन उभा असायचा. तिने जागा दाखवली की तो म्हणायचा, "तितं लय चिखल हाय मॅडम, जनावर बी ऱ्हातं." मग ती म्हणायची, "बरं, जवळपास कुठेही टाका, भाऊ." आणि भाऊ टाकायचे. आमच्या खाचरात ह्यांनी स्वतः टाकल्या. पिशव्या भरल्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या लागल्या, आणि सगळ्यांना वाटलं की काम झालं.

गटाच्या बैठकीत, देवळासमोरच्या मांडवात, तिने अंदाज सांगितला. ह्यांनी डोळ्यांनी केला असता त्याहून तो पुष्कळ जास्त होता. मांडवात आनंदीआनंद झाला. तिने मात्र सांगितलं की मला आठवडाभर द्या, एकदा तपासते, मग शब्द द्या. ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. घरी येताना ह्यांचीही चाल जरा ताठ झाली होती.

पुढचे दोन दिवस ती जेवतानाही आकडेच चाळत होती. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, एकाही पिशवीत वाईट भात नाही. सगळ्या चौकटींत भरलेल्या लोंब्या. असं शिवार कुठे असतं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या मावशींच्या खाचराकडे निघाली. मीही बरोबर गेले. मावशी नको नको म्हणत असतानाच ती बांधाच्या खालच्या अंगाला उतरली. तिथे आंब्याची सावली पडते. वरून हिरवंगार दिसणारं ते सगळं गवत होतं, भाताच्याच उंचीचं, भातासारखंच पानांचं. मधे मधे भाताच्या काड्या, आणि त्यांच्या लोंब्या दाबल्या तर पोचट. यंत्राने ते हिरवं पाहिलं होतं आणि चांगल्या कोपऱ्यातल्या भातासारखंच त्याचं वजन धरलं होतं. त्याला दुसरं काही कोणी शिकवलंच नव्हतं.

ती चिखलात उभी राहून मावशींना म्हणाली, "मावशी, चौकट इथे टाकायची होती ना." मावशी म्हणाल्या, "आसं कसं बाई? तू आमच्या रानात पयल्यांदा आलेली. पावण्याला कुनी गवत दाखवतं व्हय?" सून एकदम हसायलाच लागली. मला म्हणाली, "माझ्या आजोळी कोणी शेत बघायला आलं की आजोबा त्याला विहिरीच्या अंगानेच न्यायचे. मला हे माहीत होतं, आई. आणि तरी मी म्हटलं, कुठेही टाका." आमच्याकडे पाहुण्याला शेत दाखवणं म्हणजे जेवायला वाढण्यासारखंच असतं. करपलेली भाकरी कोणी पाहुण्याच्या ताटात वाढत नाही. सबंध गावाने तिला अशी उत्तमोत्तम लोंब्यांची ताटं वाढली होती, आणि त्यातच तिचा अंदाज बुडाला होता.

त्या दिवशी ती अजून दोघा-तिघांच्या खाचरांत गेली, पण तोवर बातमी पुढे पळाली होती आणि माणसं बांधावर येऊन उभी राहत होती. "खाली जाऊ नका मॅडम, पाय जाईल." शेवटी आम्ही आमच्या खाचराशी आलो. हे बांधावर बसलेलेच होते. ती म्हणाली, "आबा, मला खालच्या बाजूला जाऊन बघायचंय." हे उठले, टोपी नीट केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमी कशाला चिखलात उतरता? पावण्यांनी आसं करायचं नसतं." तिने गमबूट काढले नाहीत, पण पाऊलही पुढे टाकलं नाही. मला त्या वेळी ह्यांचा असा राग आला की मी सरळ घरी निघून आले आणि भांडी आपटली.

आठवडा संपला तशी पुन्हा बैठक भरली. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यांची माणसं शब्द घ्यायला येणार होती. सून उभी राहिली. माझ्या मनात धाकधूक होती, कारण तिने खरं सांगितलं असतं की तुम्हीच मला चांगले कोपरे दाखवले, तर सगळं गाव तिच्यावर उलटलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. ती म्हणाली, "माझा अंदाज चुकलाय. जागा मी ठरवायला हव्या होत्या, त्या मी तुमच्यावर सोडल्या. हा आकडा धरून शब्द देऊ नका." मांडवात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "दुरून डोंगर साजरे, आन् वरून भात साजरं." लोक हसले. ती हसू ओसरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. ज्याने त्याने आपल्या शेतातली सगळ्यात वाईट जागा मला दाखवा. तेवढं मिळालं तर आकडा दुरुस्त होतो. नाही मिळालं तर मी आकडा देणार नाही." मी अंगणवाडीच्या बैठकांत साहेब लोकांना चुका झाकण्यासाठी तासतासभर बोलताना ऐकलंय. आपली चूक इतक्या थोडक्यात सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पण कोणी हात वर केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत. सगळे ह्यांच्याकडे बघू लागले. हे जमिनीकडे बघत होते.

रात्री मी एकच वाक्य बोलले. म्हटलं, "तुमचं नाव राखायला ती स्वतःचं घालवून बसली." हे कूस बदलून झोपले, किंवा झोपल्यासारखे पडून राहिले.

सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा ह्यांनी ओट्यावरून हाक मारली. मला नाही, तिला. "चल, ती चौकट घे." ती केस बांधत बाहेर आली, तशीच गमबूट घालून निघाली. मी तवा उतरवून मागे गेले. हे सरळ खाचरातून चालत गेले, लोंब्या बाजूला सारत, अगदी तळाच्या टोकापर्यंत. तिथली जमीन चिबड आहे. डोंगराचा पाझर तिथे वर येतो आणि भाताची मुळं कुजवतो. ह्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ते तसंच आहे. यंदा ह्यांनी बंगल्यांच्या बांधकामावरचा मुरूम आणून तिथे टाकला होता, गुपचूप, मलाही सांगितलं नव्हतं. त्याने पाणी आणखीच तुंबलं होतं. भात पिवळं पडून झोपलं होतं आणि वरती लव्हाळं हिरवंगार माजलं होतं. गटाच्या अध्यक्षांचं हे रान! मी तोंडावर पदर धरला.

ह्यांनी तिच्या हातातली चौकट घेतली आणि जिथे सगळ्यात वाईट होतं तिथे टाकली. "हे मोज." ती गुडघ्यापर्यंत रुतून बसली आणि मोजू लागली. एकेक लोंबी दाबून बघत होती. हे तिच्या शेजारी पिशवी धरून उभे होते. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "आबा, हे मला बैठकीत वाचून दाखवावं लागेल. नावासकट नाही, पण लोकांना कळेलच." ह्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाले, "नावासकट वाच. आन् पयलं आपलं वाच." ती उठायला गेली तर पाय निघेना. ह्यांनी पिशवी माझ्याकडे फेकली, तिचे दोन्ही हात धरले आणि तिला ओढून बाहेर काढलं. ओढताना हे स्वतःच मागे चिखलात बसले. मी इतकी हसले की शेजारच्या मावशी बघायला आल्या.

मग मावशी दुसऱ्यांदा आल्या, त्या तिला आपल्या आंब्याखाली न्यायला. त्यांच्यामागे बाकीचे आले. अध्यक्षच चिखलात बसलेला बघितल्यावर कोणाला कसली लाज? दुपारपर्यंत ती एका शेताच्या वाईट कोपऱ्यातून दुसऱ्याच्या वाईट कोपऱ्यात चालत होती, आणि जो तो आपलंच रान कसं जास्त वाईट आहे ते सांगत होता. आकडा खाली आला. गटाने तेवढाच शब्द दिला. कापणी झाली, झोडपणी झाली, आणि भात तिच्या आकड्याला जवळजवळ चिकटूनच भरलं. कामशेतहून एकही पोतं आणावं लागलं नाही. ती म्हणाली की आता कुठे यंत्र शिकायला लागलंय, आणि पुढच्या वर्षीच्या तयारीला लागली.

कापणीनंतर एका रविवारी मी भाकऱ्या करून ठेवल्या आणि दोघांना जेवायला बोलवायला शेतावर गेले. खाचर मोकळं झालं होतं. हे त्या तळाच्या तुकड्याशी उभे होते, शेजारी सून. हे तिला म्हणत होते, "माज्या बाला जमलं न्हाई, मला जमलं न्हाई. आता ह्या तुकड्याचं काय करायचं ते तू ठरव. मी मधी बोलनार न्हाई." ती वाकून माती चुरगाळत म्हणाली, "आधी पाणी कुठून येतं ते शोधू." मग ती डोंगराच्या अंगाला चालू लागली आणि हे तिच्या मागे. मी बांधावरून हाका मारत होते. दोघांपैकी एकानेही वळून पाहिलं नाही, आणि भाकरी गार झाली.